राजवाड्याची मागची बाजू

आमच्या वसमतच्या घरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे. तारखा कधीच फाटून गेल्या, उरलाय तो दक्षिणेतल्या एका राजवाड्याचा रंगीत फोटो. आईनं जन्मभर भाकरी थापताना तोच बघितला. यंदा तिला तिथं न्यायचं ठरलं, तिकिटं काढली, आणि आठच दिवस आधी ती न्हाणीत घसरली. खुबा मोडला.

"तिकिटं वाया घालू नका," ती पडल्या पडल्या म्हणाली. "मला फोनात दाखव म्हंजे झालं."

धाकट्या बहिणीला तिच्याजवळ ठेवून आम्ही नवराबायको निघालो.

राजवाड्यासमोर उभा राहून मी व्हिडिओ कॉल लावला. आईनं डोळे बारीक केले. "ह्यो न्हाई रे. आपल्या फोटूत सज्जा हाये."

सज्जा मागच्या बाजूला निघाला. तिथं राजाच्या घरची माणसं अजून राहतात, म्हणून पाटी होती : फोटो काढू नये, चित्रीकरण करू नये. तीन भाषांत. मी तहसीलातला कारकून. लोकांना "पाटी वाचता येत नाही का?" असं विचारण्यात माझं आयुष्य गेलं.

"अहो, वाचलं का?" बायकोनं विचारलं.

"वाचलं. आपण कुठं फोटो काढून राहिलो? आपण नुसतं दाखवून राहिलो."

ही अक्कल आमच्या देवळातली. तिथंही फोटोला मनाई आहे, पण आरतीला निम्मी माणसं घरच्या म्हाताऱ्यांना फोनवर दर्शन घडवतात. पुजारी स्वतः जरा बाजूला सरकतो. त्याच सवयीनं मी चपला काढल्या आणि लेकराला उचलून देव दाखवावा तसा दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरला. बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहिली, माझी कुणी नसल्यासारखी.

सज्जा दिसायला एक झाड आडवं येत होतं. मी सरकलो, आणि पहारेकऱ्याचा पंजा कॅमेऱ्यावर पडला.

"अंधार काहून झाला?" फोनातून आई. "लाइट गेली का राजाची?"

"बंद कीजिए."

"भैया, माँ है. एक मिनट देखेगी, बस. पैर टूटा है उनका."

तो उद्धट नव्हता, तीच तकलीफ. "साब, अंदर लोग रहते हैं. मेरे हाथ में कुछ नहीं."

हे वाक्य मी खिडकीच्या आतून किती जणांना ऐकवलंय! पुढं काय बोलायचं असतं ते मला कधी कळलंच नव्हतं, कारण माणसं त्यानंतर निघून जायची. मीही चपला घातल्या.

घरी आलो तर शेजारणी आईच्या खाटेभोवती बसलेल्या. आई सांगत होती, "राजवाडा न्हाई दिसला. शिपायाचा हात दिसला. बोटात अंगठी होती, लग्नाची असंल." मग मला, "काहून रे, तुला फोन नीट धरता येईना?"

"झाड आडवं आलं," मी म्हणालो.

"असू दे. खुबा बसला की मीच येते. मला न्हाई अडवणार तो."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तिच्या चालण्याबद्दल जे सांगितलंय, ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी "व्हय" म्हणालो. बायको चहा टाकायला त्या कॅलेंडरखाली गेली.