माघारी न फिरवलेली गाडी

येडाई देवीच्या दर्शनाला निघालेल्या आमच्या गाडीची हकीकत मी देवळात, सोयऱ्यांत, लग्नाच्या पंगतीत कितीतरी वेळा सांगितली. आईची कृपा झाली, हे त्यातलं खरं. टॅबनं आम्हाला आडरानात नेलं, हे मात्र खोटं. त्या खोट्यामुळं माझ्या लेकीच्या जिवाला घोर लागला, म्हणून आता जसं घडलं तसं लिहितो.

टॅब लेकीनंच दिलेला. माझी नजर कमी झाली म्हणून मोठा पडदा बघून आणला आणि रस्ता दाखवायला गाडीत समोर बसवून दिला. श्रावणातला मंगळवार होता. परंड्याहून निघताना चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. सौभाग्यवतीला साखरेचा त्रास. सकाळची गोळी तिनं घेतली होती, पण दर्शन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, असा तिचा नेम. मीही आग्रह केला नाही.

भूमच्या पुढं बोलण्याच्या नादात वळण हुकलं. टॅबमधली बाई लगेच मागं वळा म्हणू लागली. देवीला निघालेली गाडी माघारी फिरवायची नाही, असं आमच्या घरात पूर्वीपासून मानतात. मी तसाच पुढं निघालो.

"अहो, ती बाई काय म्हनतीय ऐका की," सौ. म्हणाली.

"तिला काय कळतंय देवीचं! आणि तू गप बस जरा."

मी टॅबचा आवाज बंद केला. पुढं डांबर संपलं, पाणंद लागली आणि सोयाबीनच्या रानाकडेला चाक चिखलात रुतलं. शेजारी पाहिलं तर सौ.ला दरदरून घाम फुटलेला, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. फोनला रेंज नव्हती. आयुष्यभर देवीचं केलं आणि तिच्याच वाटेवर हे काय, असं मनात आलं. खरं सांगायचं तर मी देवीवर रागावलो होतो.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली. कपाळाला मळवट, हातात परडी. मंगळवारचा जोगवा मागून वस्तीवर परत निघाली होती. मी काही सांगायच्या आत तिनं परडीतला गूळ काढला. एवढ्या अवस्थेतही सौ.नं मान हलवली. दर्शनाआधी नको.

"आई लेकराला उपाशी मारती व्हय? घे गं माय," असं म्हणत तिनं गूळ तोंडात घातला, वर पाणी पाजलं. हळूहळू सौ.ची नजर स्थिर झाली. बाईनं हाक मारली तसा तिचा नवरा आला, चाकाखाली कडबा घातला आणि ढकलून गाडी चिखलातून काढली.

"आता फिरवा माघारी," बाई म्हणाली.

"देवीला निघालोय. माघारी कशी फिरवू?"

ती खळखळून हसली. "मग काय सोयाबीनातनं नेताव? आई काय रुसून बसंल व्हय तुमच्यावर?"

मी गाडी फिरवली. दुपारी दर्शन झालं. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्याकडं मागायला काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर लेकीनं काय झालं ते विचारलं, तेव्हा चूक कबूल करायची लाज वाटली. म्हणालो, तुझ्या टॅबनंच चुकवलं. तिनं निमूटपणे तो काढून नेला. आपल्या हौसेपायी आईचा जीव जाता जाता वाचला, असं तिनं मनाला लावून घेतलं. सौ. मला म्हणायची, "पोरीला खरं काय ते सांगा." मी टाळत राहिलो.

गेल्या पंचमीला लेक माहेरी आली, तेव्हा सांगून टाकलं. आधी ती रडली. मग म्हणाली, "बाबा, मला झोप लागायची नाही हो. आणि तुम्ही गावभर सांगत फिरलात." जेवताना माझ्याशी बोलली नाही, जातानाही नाही. तिचा राग रास्तच आहे. तिनं माफ करावं असंही मी आता आईकडं मागत नाही. माझ्याकडून सांगायचं ते सांगून झालं, पुढचं देवीच्या पायावर ठेवलं आहे. आपलंच खरं हा हट्ट सोडणं म्हणजे शरण जाणं, हे मला या वयात कळलं. कळू दिलं, हेही तिचंच देणं.

काल लेकीचा सौ.ला फोन आला होता. बोलणं संपताना तिनं विचारलं म्हणे, "बाबा जेवले का?"