मटारच्या शेंगांची रांग

मटार सोलायला बसलं की चार दाणे तोंडात जातातच. त्या सवयीने परवा माझी चांगलीच फजिती केली.

शेजारची सुनीता आणि तिची सात वर्षांची स्वमग्न लेक मीरा जिन्यात मटार घेऊन बसल्या होत्या. सुनीता एक शेंग फरशीवर ठेवायची, मीरा तिला लागून दुसरी. रांग दारापर्यंत पोचली होती. दोघींनी एकमेकींकडे एकदाही पाहिलं नाही.

"ही अजून बोलत नाही ना गं?" मी विचारलं.

"मघापासून बोलतोच आहोत की आम्ही!"

मी शेजारी टेकले. थोड्या वेळाने मीराने माझ्याकडे न बघताच एक शेंग माझ्यापुढे सरकवली. मी ती सोलली आणि दाणे तोंडात टाकले. मीराचा हात थांबला.

"काकू, तुमचा नंबर होता," सुनीता हसत म्हणाली.

जन्मभर मी गप्पा मारल्या त्या अशाच. समोरच्याचं वाक्य सोलायचं, आवडेल तेवढं घ्यायचं आणि मोकळं व्हायचं.

मीराने दुसरी शेंग सरकवली. ती मात्र मी रांगेत ठेवली, आणि गप्प बसून तिच्या उत्तराची वाट पाहिली.