माघातली हिरवी पानं

सुलक्षणाबाईंनी भोरमध्ये लेमन व्हर्बिनाचं झाड वाढवलं, त्यातला निम्मा काळ ते गवती चहा नाही हे लोकांना पटवण्यात गेला. गवती चहा गवतासारखा, हे चांगलं कमरेएवढं झुडूप, पानं लांबट, खरखरीत. चुरगाळलं की हाताला लिंबाचा वास संध्याकाळपर्यंत राहतो. ऐकून घेणारा मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "दोन पाती द्या की गवती चहाची."

तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून बाई निवृत्त झाल्या होत्या. लोकांना न पटणाऱ्या गोष्टी शांतपणे पुन्हा सांगण्याचा त्यांना सराव होता.

झाडाची पहिली तीन रोपं भोरच्या पावसाने खाल्ली. या झाडाला ऊन हवं, वारा हवा, आणि मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. भाताच्या मुलखात आणून ठेवण्यासारखं हे झाड नव्हेच. चौथ्या रोपाला बाईंनी निम्मी वाळू घातली, कुंडीला जास्तीची भोकं पाडली आणि पावसाळ्याचे चार महिने ते पत्र्याखाली ओढलं. ते जगलं. पण थंडी पडली तशी त्याने सगळी पानं टाकली आणि नुसत्या काटक्या उरल्या. खालच्या मजल्यावरच्या नीरजाने दुखवट्याला यावं तसं येऊन "गेलं वाटतं" म्हणून घेतलं. बाईंनी नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. फाल्गुनात त्यांनी काटक्या छाटल्या आणि पंधरा दिवसांत कोंब आले. पुढची चार वर्षं हाच क्रम चालला. संध्याकाळी त्याची चार पानं उकळत्या पाण्यात टाकून ते पाणी बिनसाखरेचं पीत बसणं, हा बाईंच्या दिवसातला एकमेव कार्यक्रम असा होता की ज्यात कुणाचं काही अडलेलं नसायचं.

दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन-चार महिने पुण्याला अश्लेषाकडे, म्हणजे लेकीकडे, राहायचं होतं. झाड कुणाकडे द्यायचं? नीरजा प्रेमळ होती, म्हणजे झाडाला पाण्याने मारणार हे नक्की. बाईंनी रखमाजींना फोन लावला.

रखमाजी त्यांच्या कचेरीतले शिपाई. निवृत्तीनंतर वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीला, आपली भातशेती बघत होते. कचेरीत असताना साहेबांच्या दारापाशी हात मागे बांधून, समोरच्याच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाकडे बघत ते सांगायचे, "साहेब मीटिंगला गेल्यात." आत साहेब शेंगदाणे खात असायचे. लोक बाहेरच्या बाकावर दिवसदिवस बसून राहायचे. ते वाक्य रखमाजींनी हजारो माणसांना ऐकवलं असेल, आणि बाई टेबलावरून ती कला कौतुकाने बघायच्या. बाईंशी मात्र ते कधी खोटं बोलले नव्हते. "म्याडम, फाईल हारवली न्हाई, साहेबांनी दाबलीया," असं सांगणारा कचेरीत तो एकच माणूस होता. या एका माणसाच्या जिवावर बाईंनी तीस वर्षं नोकरी केली, असं म्हटलं तरी चालेल.

रखमाजी येऊन कुंडी एसटीतून मांडीवर घेऊन गेले. बाईंनी नियम तीनदा सांगितले होते. उन्हात ठेवा. थंडीत पानं गळतील, घाबरू नका. पाणी आठवड्यातून एकदा, तेही तांब्याभर. आणि महिन्याला एक फोटो पाठवा.

"तुमी बिनघोर जावा म्याडम," रखमाजी म्हणाले. "झाडाला म्या हाय."

पहिला फोटो लगेच आला. अंगणात कुंडी, झाड भरगच्च, मागे दिवाळीचा आकाशकंदील. डिसेंबरातल्या फोटोत पानं पिवळी. संक्रांतीच्या फोटोत नुसत्या काटक्या. बाईंनी उलट लिहिलं, "अगदी बरोबर चाललंय."

माघात चौथा फोटो आला. झाड हिरवंगार. खाली मजकूर, "झाड मजेत हाय."

अश्लेषा म्हणाली, "बघ आई, किती छान सांभाळलंय!"

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. मागे आकाशकंदील होता. कंदिलाचं काही नाही, होळीपर्यंत तो लटकत ठेवणारी घरं असतात. पण पानं तशी लटकत राहत नाहीत. पासलीच्या थंडीत, माघात, या झाडाला एकही पान असायला नको होतं. रखमाजींनी त्यांना आनंद व्हावा म्हणून सगळ्यांत चांगला, दिवाळीतलाच जुना फोटो निवडला होता आणि तिथेच ते सापडले. त्या रात्री गुडघा बरा होता, तरी बाईंना झोप नव्हती.

भोरला परतल्यावर त्या आठवड्याच्या आत निघाल्या. नसरापूरपर्यंत एसटी, पुढे जीप, हातात काठी. रखमाजी अंगणात उभे होते. बाईंना बघून त्यांचे हात आपोआप मागे गेले.

"झाड कुठंय, रखमाजी?"

"झाड व्हय? ते खालच्या वाडीला धाडलंय, म्याडम. भावाकडं. हितं लई ऊन लागत व्हतं."

बाईंनी त्यांच्या नजरेकडे पाहिलं. नजर तिसऱ्या बटणाच्या उंचीवर होती. बाईंच्या पदराला बटणं नव्हती, तरी नजर तिथेच होती.

तेवढ्यात रखमाजींची बायको सखूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "कंचं झाड? त्या कुंडीतल्या काटक्या व्हय? आवो, त्या म्याच तोडल्या राबाला. पार वाळून गेल्या व्हत्या."

समोरच्या खाचरात राब भाजून झाला होता. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर काटक्या, पाला, शेण पसरून जाळतात. दर वर्षी या दिवसांत गावातली वाळकी काटकी म्हणून सुटत नाही. काळ्या राखेचा तो चौकोन बाईंनी नीट पाहून घेतला.

"तिला सांगितलं नव्हतंत?"

"तुमी मला सांगितलं व्हतं," रखमाजी म्हणाले. "बायकोला कशाला सांगू?"

"आता माझ्या नावानं वरडा," म्हणून सखूबाई आत गेली.

कुंडी गोठ्यामागे निघाली. वीतभर खुंट आणि भोवती चिखल. खुंट दिसल्यापासून रखमाजी त्याला सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालत होते, फुटेल म्हणून. भाताला जे मानवतं तेच त्यांनी मनापासून केलं होतं. बाईंनी नखाने साल खरवडली. आत तपकिरी. खुंट धरून ओढला तर तो विरोध न करता हातात आला. मुळं काळी पडली होती.

"फाल्गुनात मी ते एवढंच छाटणार होते," बाई म्हणाल्या. "तिनं महिनाभर आधी छाटलं. तेव्हा फोन केला असतात तर म्हटलं असतं, पाणी घालू नका. फुटलं असतं."

"तुमी रागावला असता, म्याडम."

"रागावले असते. झाड जगलं असतं."

रखमाजी म्हणाले, "आजवर तुमच्याशी येकदा पन खोटं बोललो न्हाई."

"तेच," बाई म्हणाल्या, आणि जीपच्या दिशेने चालू लागल्या. कुंडी त्यांनी मागितली नाही.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, रखमाजी भोरला आले. हातात पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला गवती चहाचा ठोंब. वासाला लिंबासारखाच. नीरजाने जिन्यातून हाक मारली, "मावशी, तुमच्या कचेरीतले ते आलेत, झाड घेऊन."

बाई वर गॅलरीत, झाडाच्या रिकाम्या जागेशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. खालून त्या सरळ दिसत होत्या. त्या उठल्या नाहीत.

"त्यांना सांग," बाई म्हणाल्या, खाली ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "मॅडम मीटिंगला गेल्यात."

नीरजा गोंधळून खाली बघत राहिली. रखमाजींनी मात्र पिशवी भिंतीशी ठेवली, टोपी काढली आणि ती गुडघ्यावर घेऊन ते खालच्या पायरीवर बसले. या वाक्यानंतर माणसं काय करतात, ते त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं.