चाचाची खुर्ची

पेनल्टी मारायला कुणी आला की आमचा गोलकीपर चाचा चेंडू स्वतः नेऊन त्याच्या हातात द्यायचा, कानाशी एखादं वाक्य सोडायचा आणि परत गोलमध्ये येऊन उभा राहायचा. चेंडू मग हमखास बाहेर जायचा.

बुलढाण्यात बसस्टँडजवळ चाचाचं एका खुर्चीचं सलून होतं. बाजाराच्या दिवशी गावोगावचे खेळाडू त्याच्याकडेच दाढी करत आणि गालाला साबण लागला की घरातलं सगळं ओकून टाकत. एका सामन्यात त्यानं गमतीत एकाला विचारलं, "काऊन बे, साखरपुडा मोडला म्हने तुहा?" त्या खेळाडूनं चेंडू थेट रस्त्यावर मारला. मी क्लबचा मॅनेजर. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. त्या गमतीची सवय चाचाला मीच लावली.

दोन वर्षं जिल्ह्याचा चषक आमच्याकडे आला. चिडलेल्या संघांकडून दगड आले, डोकी फुटली. मला काय त्याचं! चाचावर माझा जीव होता, पण चषकावर जास्त.

तिसऱ्या वर्षी फायनलला देऊळघाटचा संघ समोर होता. शेवटची पेनल्टी त्यांच्या कप्तानाची. त्याची बायको त्याला कायमची सोडून गेली होती, पण गावात त्यानं 'बाळंतपणाला गेली' असं सांगितलं होतं. खरं फक्त चाचाला माहीत, आणि चाचानं ते मला सांगून ठेवलेलं. "तेच सोड त्याच्या कानात," मी चाचाला म्हणालो.

"हे नाही जमत साहेब," चाचा म्हणाला. "माह्या खुर्चीत रडला हाये तो."

"मग उद्यापासून दुसरा गोलकीपर बघतो."

क्लबबाहेर त्याला जगणं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चाचानं चेंडू दिला. "बाळंतपन झालं काय, भाऊ?"

चेंडू गरिबासारखा चाचाच्या हातात आला. आम्ही जिंकलो. कप्तान तिथंच खाली बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "खुर्चीतलं मैदानात आनलं यानं."

पुढच्या बाजारापासून त्या खुर्चीत कुणी बसेना. चाचा दिवसभर तिला फडकं मारत राहायचा. मी तेवढा जायचो, उपकार केल्यासारखा.

शेवटी तो नांदुऱ्याला भावाकडे निघाला. माझी शेवटची दाढी करताना, वस्तरा गळ्यावर असताना, म्हणाला, "तुमच्या घरचंबी सर्व मालूम हाये मले, साहेब. घाबरू नका. तुम्ही काही माह्यासमोर पेनल्टी मारनार नाही."

तेव्हापासून मी घरीच दाढी करतो.