कुंडीतल्या वडाची छाटणी

भोपाळच्या टाउनशिपमध्ये मला क्वार्टर मिळालं, तेव्हा आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेला मी पहिलाच. शेजारी नागपूरकडचे काका-काकू राहत. काका कारखान्यात माझे वरिष्ठ. ड्रॉइंग वाचायला त्यांनी शिकवलं. काकूंनी तर कधी "जेवतोस का" विचारलं नाही, सरळ ताट वाढलं.

त्यांच्या गॅलरीत वडाचा बोन्साय होता. काकूंचे गुडघे दुखायचे, म्हणून वटपौर्णिमेला त्या त्यालाच सूत गुंडाळत.

त्या वर्षी काकांना लकव्याचा झटका आला. उजवा हात उचलेना. चैत्र लागला तसे ते बेचैन झाले. काकू आंघोळीला गेल्यावर मला हळूच म्हणाले, "छाटणी राहिलीय रे. वरचं रान माजलं की खालच्या फांद्या वाळतात. दरवर्षी ही टी. टी. नगरला बाजाराला गेली की मी उरकायचो. आता ही मला सोडून हलतच नाही."

"काकूंना सांगूनच करू ना."

"तिला? म्हणते, ज्याच्याकडे तुमचं आयुष्य मागते, त्याचेच हातपाय कसे तोडू देऊ?"

मी कात्री घेतली खरी, पण मन धजेना. झाड वाळलं आणि काकांचं काही कमीजास्त झालं, तर या माउलीला तोंड कसं दाखवणार? पहिली फांदी कापली. पांढरा चीक ठिबकला आणि मागे काकू उभ्या!

त्या आत गेल्या आणि हळदीचा डबा घेऊन आल्या.

"लाव कापलेल्या जागी. दरवर्षी चैत्रात माझी हळद कमी व्हायची, मला काय कळत नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस?" काका म्हणाले.

"विचारलं असतंत, तर मला नाहीच म्हणावं लागलं असतं." मग माझ्याकडे वळून, "ती लांबडी पण काप. एकटीच मिरवतेय."

तरी माझा घोर मिटला नाही. ड्युटीवर जाताना रोज त्या बोडक्या झाडाकडे बघायचो.

एका सकाळी दाढी करत होतो, तोच काकूंची हाक आली, "अरे, लवकर ये!" मी तसाच धावलो. काकू कुंडीशी वाकल्या होत्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला लालसर कोंब फुटला होता.

खुर्चीतून काका म्हणाले, "अगं, त्याला वाटलं मीच गेलो!"

काकू हसत हसत माझ्या गालावरचा फेस पदराने पुसू लागल्या.