ओली भिंत आणि मेश्राम काका

मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाच्या समासात मेश्राम काका लाल पेन्सिलीने एकच प्रश्न लिहायचे : ‘कोणी पाह्यलं?’ माझं डोकं फिरायचं. मी कौन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी भांडतेय आणि हा माणूस माझीच उलटतपासणी घेतोय!

काका मूळ नागपूरचे. इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर दर रविवारी विहारात वंदना झाली की चहावर इतिहास सांगायचे, तोही फक्त सतराव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांचा. “इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला ना, त्याच साली हॉलंडातला एक कापडवाला तळ्याचं पाणी भिंगाखाली पाहत होता. थेंबात जिवंत जीव वळवळत होते!” आम्ही म्हणायचो, काकांना त्या शतकाचा परमनंट व्हिसा मिळालाय. “अन् तुम्हाले फोनचा,” काका म्हणायचे.

कौन्सिलच्या मालकीच्या आमच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या सुनीताताईंच्या बेडरूमची भिंत बुरशीने काळी पडली होती. त्यांचा दोन वर्षांचा आरव श्वासासाठी तडफडायचा. कौन्सिलचं उत्तर काय, तर तुम्ही फोडण्या फार देता, खिडक्या उघडत नाही. निर्लज्ज लोक! मी पत्रक लिहिलं : ‘या ब्लॉकमधलं प्रत्येक घर सडलंय.’

“प्रत्येक? कोणी पाह्यलं?”

मी ऐकलं नाही, छापलं. कौन्सिलचा इन्स्पेक्टर आला, त्याने एक कोरडं घर शोधलं, फोटो काढला आणि अख्खी तक्रार फेटाळली. त्याच आठवड्यात आरवला पुन्हा ॲडमिट केलं.

“बोला ना, मी सांगितलं होतं म्हणून,” मी काकांवरच खेकसले.

“कायले बोलू? त्या कापडवाल्यावर लंडनच्या विद्वानांचाही विश्वास नव्हता. त्यानं शिव्या नाही दिल्या, पोरी. आठ माणसं बोलावली, भिंगातून दाखवलं अन् ज्यानं जे पाह्यलं तेवढंच लिहून घेतलं. तथागत तरी काय म्हणाले? ये आणि पाहा.”

आम्ही शेजारी दारोदार फिरलो आणि ज्याने आपल्या घरात जे पाहिलं तेवढंच लिहून त्याखाली त्याची सही घेतली. लिफ्ट बंद होती आणि काकांचे गुडघे गेलेले, म्हणून ते खाली बाकावर बसायचे. सही केली तर व्हिसाला अडचण येईल, असं म्हणणाऱ्यांना मी त्यांच्याकडे पाठवायची. “राजाकडे अर्ज केला म्हणून कोणाले तुरुंगात टाकायचं नाही, हा कायदा याच देशातला. माझ्या त्याच तीस वर्षांतला,” ते सांगायचे. माणसं सही करून वर जायची.

घर कोरडं असेल तर काका ‘कोरडं’ लिहायला लावायचे. मला तो मूर्खपणा वाटायचा. पण सगळे कागद मांडले तेव्हा दिसलं, की ओली घरं बरोबर एकाखाली एक होती. म्हणजे भिंतीच्या आत पाइप फुटला असणार! आता फोडण्यांचं कारण चालेना. कौन्सिलने भिंत उघडली, पाइप बदलला. आरव त्या हिवाळ्यात एकदाही ॲडमिट झाला नाही.

आभाराच्या पत्रकात मी पहिलं नाव काकांचं घातलं. त्यांनी ते लाल पेन्सिलीने खोडलं. “मी जिना चढलो नाही, भिंत पाह्यली नाही. ज्यांनी पाह्यली त्यांची नावं टाक.” मी ते काढलं.

पुढे ते मुलीकडे एडिनबराला गेले आणि तिथेच वारले. आता खोडायला कोणी नाही. म्हणून लिहिते : यशवंत मेश्राम. आणि हे मी पाहिलंय.