टिलीसाठी केलेलं घर

"आयुष्यभर लोकांना पेट्या करून दिल्या, आतून कुणी धडका नाही मारल्या," व्हर्लिन टॅकेट एकदा मला म्हणाला होता. त्याच्या हातात पटाशी होती. समोर त्याच्या गेलेल्या बायकोचं, ओपलचं कासव नव्या खोक्याच्या एकाच कोपऱ्यात पंजे घासत होतं.

मिसूरीतल्या त्यांच्या मळ्यापाशी रस्ता ओलांडताना हे कासव, टिली, ओपलला सापडली होती. टोमॅटोच्या वाफ्याशेजारी कुंपणात तिनं कितीतरी हिवाळे पानांखाली झोपून काढले. मग ओपल गेली, मळा विकला, आणि व्हर्लिन गावात लेकीकडे, लॉरेटाकडे, माझ्या शेजारी राहायला आला. तिच्या घराभोवती सगळं काँक्रीट. कासव घरातच ठेवणं भाग होतं. दवाखान्यात ओपल त्याला शेवटचं म्हणाली होती, "टिलीला नीट ठेव." तो तेवढंच धरून बसला होता.

या कामाच्या लायकीचं त्याच्याकडे एकच लाकूड होतं. लग्न ठरल्यावर ओपलसाठी त्यानं सीडरचा पेटारा केला होता, आमच्याकडे करतात तसा. रजया, लोकरी कपडे, लॉरेटाचं टोपडं, सगळं त्यात राहिलं, कधी कसर लागली नाही. त्या लाल लाकडाच्या वासात आमच्या सगळ्यांच्याच आया आहेत.

तो पेटारा त्यानं मोडला. एकही खिळा न मारता रुंद, उघडं खोकं जोडलं. तळाला त्याच फळ्यांचा भुसा पसरला, वर ऊब देणारा दिवा टांगला. लाकूड तापलं आणि घरभर तो वास सुटला. व्हर्लिन संध्याकाळभर खोक्याजवळ खुर्ची ओढून बसला.

टिलीनं खाणं सोडलं. स्ट्रॉबेरी नाही, गांडूळ नाही. त्यानं एक भिंत उंच केली, पाण्याची थाळी हलवली, भुसा वाढवला. तिचे डोळे सुजून मिटले.

"थंडी वाजत असेल," म्हणत त्यानं दिवा आणखी खाली आणला.

मी म्हणालो, "अरे, रविवारच्या जेवणाला भाजतोयस की काय तिला?"

"दिवा तुझ्या टकलावर टांगू का? गप्प बस."

शेवटी लॉरेटाच तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आली ती खांद्यावरची पिशवीही न काढता म्हणाली, "बाबा, लाकडानं झालंय. सीडर तापलं की त्याचा वास तिच्या छातीत जातो. डोळेही त्यानंच सुजलेत."

"त्या कालच्या पोराला काय कळतंय! तुझी अंथरुणं-पांघरुणं याच लाकडात राहिली."

"टिली म्हणजे रजई नाही हो, बाबा! कसर का लागायची नाही? त्या वासात किडे जगत नाहीत म्हणून."

व्हर्लिननं पटाशी खिशात घातली.

नाताळची सजावट ठेवायचा निळा टब लॉरेटानं रिकामा केला. माझ्या परसातली माती आणि ओकची वाळकी पानं आम्ही त्यात भरली, पाणी शिंपडलं.

"प्लास्टिक," तो पुटपुटला. "ओपलचं कासव प्लास्टिकच्या टबात."

"मग काय चांदीच्या परातीत ठेवू?" लॉरेटा म्हणाली.

टिली मातीत शिरली. पाठीवरच्या पिवळ्या रेघा तेवढ्या दिसत राहिल्या. लॉरेटा रोज तिच्या डोळ्यांत औषध घालायची. व्हर्लिन त्या खोलीतून जाताना टबाकडे पाहायचा नाही. रिकामं खोकं भिंतीशी पडून होतं. भुसा त्यानं उपसला नव्हता, कुणाला हातही लावू दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी कॉफी प्यायला गेलो होतो. लॉरेटानं पानांवर गांडूळ टाकलं. टिलीनं मान बाहेर काढली, वाकडी केली, आणि गचकन धरलं. गांडुळाचं टोक तिच्या तोंडाशी वळवळत राहिलं.

"बाबा, खाल्लं! बघा तरी!"

व्हर्लिन आला. टिलीचं गिळून होईपर्यंत टबाशी उभा राहिला. मग भिंतीशी गेला, खोक्याच्या त्या ओरखडलेल्या कोपऱ्यावरून त्यानं अंगठा फिरवला. भुशासकट खोकं उचललं, दार ढोपरानं ढकललं आणि ते घराबाहेर घेऊन गेला.